पॉवरलूमच्या शेडमध्ये हॉटेल : एसी ८ टन की १६ टन?

नवाहॉटेलवाला :

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला पॉवरलूमची रिकामी शेड भाड्याने घेतली आहे, तिथे हॉटेल करायचं चाललंय. माप ३० बाय ६० फूट. मागचं ३० बाय १८ भटारखान्याला, पुढचं ३० बाय ४२ म्हणजे साधारण १२५० चौरस फूट बसायला. बैठक ६० माणसांची. भिंती ९ इंची विटांच्या, १२ फूट उंच. छप्पर नॉर्थ लाइटचं, करवतीसारखे तीन दात, टोक १८ फुटांवर. वर जुने सिमेंटचे पत्रे, उत्तरेकडच्या उभ्या बाजूला काचा. शेडचं हे रूप तसंच ठेवायचंय, म्हणून फॉल्स सीलिंग नको. घरमालक पत्रे बदलू देत नाही.

दोन एसीवाले माप घेऊन गेले. एक म्हणतो ८ टनांत काम होईल, दुसरा १६ च्या खाली हात लावायला तयार नाही. एवढा दुप्पट फरक कसा काय पडतो ओ? आणि सोलापूरची हवा कोरडी, तर मोठ्या डक्ट कूलरवरच (ओल्या पॅडमधून थंड केलेली हवा डक्टने, म्हणजे पत्र्याच्या नळकांड्याने, आत सोडणारा) का भागवू नये? शिवाय बसायच्या जागेतच एका कोपऱ्यात भट्टी ठेवून गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर ज्वारीची भाकरी थापायचा बेत आहे, त्याने किती फरक पडेल? हिवाळ्यासाठी गरम हवेची काही सोय लागते का?

डक्टमिस्त्री :

दोघांचे आकडे कुठून आले ते मापावरून लगेच कळतं. ८ टनवाल्याने १२५० ला १५० ने भागलंय. दीडशे चौरस फुटाला एक टन, हा १० फुटी स्लॅबखालच्या दुकानाचा हिशेब. १६ वाल्याने छप्पर आहे तसं धरून नीट लोड काढलाय. त्याचं गणित बरोबर आहे, सल्ला मात्र चूक, कारण आधी छप्पर सुधारा हे त्याने सांगितलंच नाही.

बाहेर ४१ अंश आणि आत २५-२६ धरून बसायच्या जागेचा हिशेब असा लागतो.

छप्पर : मे महिन्यात दुपारी सिमेंटचा पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ५ वॉट आत येतात. फरक ३९ अंशांचा, क्षेत्र ११६ चौरस मीटर. म्हणजे साडेबावीस किलोवॉट, एसीच्या भाषेत साडेसहा टन (१ टन म्हणजे ३.५ किलोवॉट). त्याच पत्र्याखाली ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) नीट बसवलं की ५ चा आकडा ०.५५ वर येतो आणि साडेसहा टनांचे पाऊण टनाच्या आत होतात.

भिंती आणि काचा : दोन टनांच्या आसपास.

माणसं : बसून जेवणारा माणूस आणि त्याचं ताट मिळून १५० वॉट धरा. ६० जणांचे ९ किलोवॉट, अडीच टनांहून थोडं जास्त.

ताजी हवा : माणशी साडेसात सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), वर चौरस फुटाला ०.१८. मिळून ६५० ते ६७५ सीएफएम. आपल्या उन्हाळ्यात १००० सीएफएम बाहेरची हवा थंड करायला सव्वादोन टन लागतात, म्हणजे इथे दीड टन.

दिवे, थंड पेयांचं फ्रीज, आइस्क्रीमचा डीप फ्रीजर : पाऊण ते एक टन.

बेरीज ७.७ टनांच्या आसपास. एसीवर लिहिलेला टनांचा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो. ४२ ला तेच मशीन १० ते १२ टक्के कमी देतं. म्हणून ९ टन घ्या. छप्पर उघडंच ठेवलंत तर हीच बेरीज साडेतेरावर जाते आणि घट धरली की साडेपंधरा. दुसऱ्याचे १६ टन ते हेच.

९ टन एकाच मशीनमध्ये घेऊ नका. ३-३ टनांची तीन डक्टेबल युनिटं घ्या, एक बंद पडलं तरी दोनांवर संध्याकाळ निघते. कॅसेट (छतात बसवायचा चौकोनी एसी) घेऊ नका. कॅसेटची हवा छताला चिकटून पसरते. सीलिंग नसताना ती उघड्यावर टांगली तर थंड झोत सरळ खालच्या टेबलावर कोसळतो आणि पुढचं टेबल कोरडंच राहतं. त्यापेक्षा गोल जीआय डक्ट १०-११ फुटांवरून उघडेच फिरवा, शेडच्या रूपालाही शोभतात. ३ टनाला १२०० सीएफएम, म्हणून मुख्य डक्ट १५ इंच व्यासाचा. परतीच्या हवेची जाळी ९-१० फुटांवरच ठेवा. टोकापाशी ठेवलीत तर वरचा गरम थर विनाकारण थंड करत बसाल. आणि छपरावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर असतील तर ते बंद करून सील करा. लूम चालत होते तेव्हा त्यांचा उपयोग होता. एसीत तेच पैशाची हवा वर ओढून नेतात.

उघड्या डक्टला एक खोड आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो बाहेरून घामेजतो आणि पाणी ताटात टपकतं. ९ मिमी नायट्राइल फोम लावूनच वरून रंग द्या. ठेकेदार म्हणेल, "आतलाच डक्ट आहे, इन्सुलेशन कशाला?" ऐकू नका.

गरम हवेची सोय हॉटेलला लागत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेरची हवा १८-२० अंशांवर असते. तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता ताज्या हवेचा पंखा जास्त वेगाने चालवा.

भटारखाना :

वरचं सगळं ठीक, पण दोन्ही एसीवाल्यांनी मागचे १८ फूट हिशेबातच धरलेले नाहीत. हॉटेलचा एसी बिघडतो तो बहुतेकदा हूडपाशी, म्हणजे शेगड्यांवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणापाशी.

शेगड्यांची रांग ७ फुटांची धरली तर हूड ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे दोन्ही टोकांना ६-६ इंच बाहेर. भिंतीला लागून, खालची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर. ३२ चौरस फूट तोंड, मिनिटाला १०० फूट वेगाने ३२०० सीएफएम. एवढी हवा बाहेर फेकलीत की तेवढीच कुठून तरी आत येणार. वेगळी वाट ठेवली नाही तर ती बसायच्या खोलीतून, वाढपाच्या खिडकीतून येते. ३२०० सीएफएम गुणिले सव्वादोन, म्हणजे सात टनांच्या वर. तुमच्या ९ टनांतले सात टन थेट धुराड्यातून बाहेर. मालक म्हणतो एसी कमजोर आहे, मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं.

म्हणून हवेचा जमाखर्च आधी कागदावर मांडा :
हूडमधून बाहेर ३२००.
भटारखान्यात पंख्याने आत २७००.
बसायच्या खोलीत ताजी हवा ६५०.
खोलीतून खिडकीवाटे भटारखान्यात ५००.
उरलेले १५० रस्त्याच्या दारातून बाहेर.

याने खोलीचा दाब रस्त्यापेक्षा किंचित जास्त राहतो, धूळ आत येत नाही. भटारखान्याचा दाब खोलीपेक्षा कमी राहतो, म्हणून फोडणीचा ठसका टेबलापर्यंत पोचत नाही. वाढपाची खिडकी ४ फूट बाय १५ इंच, म्हणजे ५ चौरस फूट ठेवा, ५०० सीएफएमला तिथे मिनिटाला १०० फूट वेग मिळतो. खिडकी मोठी केलीत तर तेवढ्या हवेत वास थोपत नाही. तपासायचं असेल तर हूड चालू करून खिडकीत उदबत्ती धरा. धूर ठामपणे भटारखान्याकडे वळला पाहिजे. घुटमळला तर आत येणाऱ्या हवेच्या पंख्याचा डँपर (हवेची झडप) थोडा कमी करा.

ही २७०० ची हवा आचाऱ्याच्या पाठीमागून जोराने सोडू नका, हूडखालचा धूर उसळून बाहेर येतो. हूडच्या पुढच्या कडेला ८ फूट बाय सव्वादोन फुटांचं जाळीच्या पत्र्याचं खोकं करा. १८ चौरस फुटांतून हवा मिनिटाला १५० फुटांनी संथ खाली उतरते. आणि दोन्ही पंखे एकाच स्टार्टरवर घ्या. नाहीतर आचारी थंडीत आतला पंखा बंद करतो, बाहेरचा चालूच राहतो.

हूडचा डक्ट १८ बाय १५ इंच, १८ गेजचा, सांधे वेल्ड केलेले. त्याहून मोठा केलात तर वेग पडतो आणि तेल डक्टमध्येच बसतं. आडवा भाग हूडकडे उतरता ठेवा, प्रत्येक वळणावर आणि दर १० फुटांवर साफसफाईचं झाकण. ब्लोअर मागे वळलेल्या पात्यांचा सेंट्रिफ्युगल, मोटर हवेच्या वाटेबाहेर, २ एचपी, दाब सव्वा इंच पाण्याचा. हूडमधले तेल अडवणारे बॅफल फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात सोडा टाकून धुवायचे. आठवडाभर राहिले की हूडची ओढ कमी होते.

आता भाकरीचा कोपरा. एक बर्नर तासाला अर्धा किलो गॅस खातो असं धरा. त्यातून ६.४ किलोवॉट उष्णता निघते, पावणेदोन टनांच्या वर, शिवाय जळताना होणारी वाफ आणि भाकरीची वाफ वेगळी. खोलीत उघड्यावर ठेवलात तर चाळीसहून जास्त माणसांच्या वाट्याचा एसी एकटा तवा खाईल. त्यावर वेगळा ४ बाय ४ चा हूड लावलात तर तो १६०० सीएफएम थंड हवा ओढणार, म्हणजे साडेतीन टन. रोगापेक्षा औषध जालीम.

तवा भटारखान्याच्या रांगेच्या टोकाला, मोठ्या हूडखालीच घ्या आणि मधल्या भिंतीत तिथे १२ मिमी टफन्ड काच बसवा. थापणारी बाई आणि फुगणारी भाकरी गिऱ्हाइकाला दिसते, उष्णता पलीकडे राहते.

कूलरप्रेमी :

एवढं सगळं कशाला बे? तासाला १८,००० घनमीटर हवेचा एक डक्ट कूलर बसवा, वीज एसीच्या चौथाईत. एप्रिल-मेत आपल्याकडे आर्द्रता वीस टक्क्यांवर असते. कूलरला याहून चांगलं गाव कुठलं?

डक्टमिस्त्री :

एप्रिल-मेपुरतं तुमचं म्हणणं खरंच आहे. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला वेट बल्ब (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होते ते तापमान) साडेबावीस येतो. १५० मिमी सेल्युलोज पॅड ८५ टक्के काम करतो, म्हणजे जाळीतून हवा २५-२६ अंशांवर येते. खोली २९-३० वर स्थिरावते. पंख्याखाली बसायला बरं वाटतं. जूनच्या पावसानंतर मात्र बाहेर ३० अंश आणि ७० टक्के. तेव्हा तोच कूलर हवा जेमतेम चार अंश उतरवतो आणि ती ओलीचिंब करून सोडतो. टेबल चिकट, पापड मऊ, शेंगाचटणीची वाटी दमट. चार महिने कूलर झाकून ठेवायचा आणि एसी नाही, असं हॉटेल चालेल का ते मालकाने ठरवावं.

खरी अडचण पाण्याची. तासाला १८,००० घनमीटर हवा सव्वाशे लिटर पाणी उडवते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्याच्या निम्मं पाणी टाकीतून सतत सोडून द्यावं लागतं, नाहीतर बोअरच्या कठीण पाण्याने पॅडवर पांढरं कवच चढून एका हंगामात पॅड कामातून जातो. एकूण तासाला १९० लिटर, दहा तासांना जवळपास २००० लिटर. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा टँकरचा हिशेब आधी करा.

कूलर वापरायचाच असेल तर भटारखान्याच्या आत येणाऱ्या हवेवर वापरा. २७०० सीएफएमला ३ बाय सव्वादोन फुटांचा, १५० मिमी जाडीचा पॅड लागतो. तासाला ४५-५० लिटर पाणी, आठ तासांना पावणेचारशे. आचाऱ्याच्या अंगावर ४१ ऐवजी २६ अंशांची हवा येते, वर ती ओली हवा हूडमधूनच बाहेर जाते, खोलीत येत नाही. पावसाळ्यात पंप बंद करून पॅड वाळू द्या, नुसता पंखा चालवा.

कूलर आणि एसी एकाच खोलीत मात्र कधीच नाही. कूलर पाणी हवेत घालणार, एसी तेच पाणी गोळा करून नळीतून बाहेर सोडणार.

नवाहॉटेलवाला :

काचेमागचा तवा पटला. आता छपराचं सांगा. पत्रे बदलता येत नाहीत, मग रॉकवूल कशाला अडकवायचं? एकजण ८ मिमीची चंदेरी बबल शीट सुचवतोय, म्हणतो ५० मिमी पफइतकंच (पॉलियुरेथेन फोम) काम करते आणि निम्म्या पैशात होतं.

डक्टमिस्त्री :

बबल शीट चकाकते म्हणून पत्र्याकडून येणारी किरणं परतवते, तेही पत्रा आणि शीटमध्ये इंचभर मोकळी हवा असेल आणि धूळ बसली नसेल तरच. ५० मिमी पफची बरोबरी ती करत नाही. पत्र्याला चिकटवून लावलीत तर जवळपास काहीच करत नाही.

क्रम असा ठेवा.

आधी गळती. ओलं रॉकवूल उष्णता अडवत नाही आणि वजनाने खाली लोंबतं. पत्रे धरणाऱ्या जे-हुकचे वॉशर जुने झाले की तिथूनच पाणी येतं, ते बदला. पत्र्यावर चढताना फळी टाकूनच चढा. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने न सांगता फुटतो.

मग साफसफाई. पॉवरलूमच्या शेडमध्ये पर्लिनवर (पत्रे ज्यांवर टेकतात ते आडवे लोखंड) आणि कैच्यांवर सुताच्या तुसाचा बोटभर थर असतो, त्यात मशीनचं तेल मुरलेलं. वेल्डिंगची एक ठिणगी त्याला पुरते. हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ओढून काढा. खराटा मारायचा नाही, कारण जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट आहे. त्याच कारणाने पत्र्याला कटर, ग्राइंडर, ड्रिल लावायचं नाही. एखादा पत्रा काढावाच लागला तर पाणी मारून, हुक सोडवून, अखंड उतरवा. तोंडावर रुमाल चालत नाही, निदान पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क लावा.

मग रॉकवूल. ५० मिमी, ४८ किलो घनतेचं, खालच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल. पर्लिनला क्लँप मारून जीआय तारेची जाळी ताणायची, त्यावर रॉकवूल, वर पत्र्यापर्यंत दोन इंच हवा. पत्र्याला भोक पाडायची गरजच नाही. सांधे फॉइल टेपने बंद. एक फट मोकळी राहिली तरी पावसाळ्यात तिथून दमट हवा वर जाऊन थेंब धरते. खालून लोखंडी जाळी आणि पांढरा रंग दिसतो, शेडचं रूप जात नाही. पफ स्वस्त पडला तरी भटारखान्यावर लावू नका, तिथे रॉकवूलच, ते जळत नाही.

जमलं तर पत्र्याला वरून पांढरा परावर्तक अॅक्रिलिक रंग द्या, घरमालक यालाही नाही म्हणणार नाही. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून मार्चमध्ये एकदा पाण्याने धुवा.

काचांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नॉर्थ लाइट म्हणजे ऊन येतच नाही, हा समज युरोपातून आला. सोलापूर १७.७ अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो आणि मार्चनंतर सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं उत्तरेच्या काचेवर येतंच. त्या काचांना बाहेरून छज्जा किंवा आतून पांढरी फिल्म लावा. दोन टनांतला अर्धा टन तिथेच वाचेल.

माडीवरची :

थोडं विषय सोडून. नव्या पेठेत दुकानावरची माडी राहायला करायची आहे. खोली १२ बाय १५, वर जुनं माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर). मिस्त्री म्हणतो माती काढून टाकू, पत्रा टाकून खाली पीओपी करू, मग दीड टनाचा एसी. बरोबर आहे का?

भटारखाना :

ताई, माती काढू नका. फूटभर जाडीची पांढरी माती दुपारचं ऊन तासन्‌तास धरून ठेवते, आत उष्णता पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. पत्रा टाकलात तर खोली दुपारी भट्टी होईल आणि दीड टनही कमी पडेल. माळवद असताना त्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर चालून जातो, पश्चिमेची खिडकी मोठी असेल तरच दीड घ्या. उष्णता रात्री उतरते म्हणून दहानंतर खिडक्या उघडून वर एक एक्झॉस्ट पंखा लावा.

जपायचं ते वजन आणि ओल. फूटभर मातीचं चौरस फुटाला ४५ ते ५० किलो वजन होतं आणि दर काही वर्षांनी वरून नवा थर घातला जातो. जाडी मोजा, फुटाच्या वर असेल तर वरचा थर उतरवा. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं टोचून बघा. ती कुजलेली असतील तर एसीचा विचार नंतर. वरून काँक्रीट ओतू नका, चुन्याचा पांढरा हात द्या आणि पन्हाळी मोकळ्या ठेवा. एसीची पाण्याची नळी माळवदावर किंवा भिंतीत सोडू नका, सरळ गटारापर्यंत न्या.

मीटरवाला :

मूळ प्रश्नाकडे येतो. शेडवरचा मीटर पॉवरलूमच्या सवलतीच्या दराचा असेल. त्यावर हॉटेल सुरू केलंत तर तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. आधी व्यापारी वर्गात बदल करून घ्या.

लोडही बघा. ९ टन एसी भर उन्हाळ्यात साडेदहा किलोवॉट, हूडचा ब्लोअर दीड, आतला पंखा एक, फ्रीज-फ्रीजर तीन-चार, दिवे आणि मिक्सर-ग्राइंडर दोन. २० किलोवॉटच्या उंबरठ्यावर आहात. त्यापुढे स्थिर आकार केव्हीए मागणीवर बसतो. तिन्ही एसी एकदम सुरू करू नका, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने टायमर लावा आणि तिन्ही फेजवर एकेक वाटा.

नवाहॉटेलवाला :

मीटरचं सांगितलंत ते बरं झालं, घरमालक "तोच चालू द्या" म्हणत होता. शेवटचं एक. शेजारच्या दोन शेडमध्ये अजून लूम चालतात. आउटडोअर युनिटं कुठे ठेवू? जागा पश्चिमेच्या भिंतीवर आहे, नाहीतर मागे उत्तरेला, पण तिथे हूडचं धुराडं निघणार.

डक्टमिस्त्री :

उत्तरेलाच ठेवा आणि धुराडं उंच न्या. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ती युनिटं ४८-५० अंशांची हवा ओढतील. उत्तरेच्या भिंतीवर ७ फुटांवर स्टँड, मागे फूटभर, पुढे निदान ५ फूट मोकळं. धुराडं छपराच्या टोकावर तीन-चार फूट आणि युनिटांपासून तसंच ताज्या हवेच्या तोंडापासून १० फूट लांब. तेलकट धूर कंडेन्सरवर (आउटडोअर युनिटच्या जाळीवर) गेला आणि त्यावर शेजारचं सुताचं तूस बसलं तर नमद्यासारखा थर होतो. बाहेरून दिसतो राखाडी मऊ पापुद्रा, आत हवा शून्य. भर दुपारी हाय प्रेशरवर युनिट ट्रिप होतं आणि पुन्हा तोच मेकॅनिक गॅस भरायला येतो, गॅस पुरेसा असताना.

लूम चालू आहेत तोवर कंडेन्सर दर १५ दिवसांनी धुवा, आतून बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपने. प्रेशर जेट मारलात तर फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. ताज्या हवेच्या ६५० सीएफएम पंख्याला २ फूट बाय १ फुटाचा फिल्टर, पुढे धुता येणारी जाळी, मागे घडीचा. पुढची जाळी आठवड्यातून एकदा झटकायची. ती तुंबली की खोलीचा दाब पडतो आणि रस्त्याकडचं दार आपोआप आतल्या बाजूला ओढलं जायला लागतं. दार बंद करताना हाताला ओढ जाणवली की जाळी काढून बघा.

पाइप जोडताना दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. नायट्रोजन भरून २४ तास गेजचा काटा हललेला नाही हे बघा, आणि व्हॅक्यूम पंप ५०० मायक्रॉनपर्यंत (निर्वाताचं माप) खाली नेऊन पंप बंद केल्यावर आकडा चढत नाही हेही. "दहा मिनिटं पंप लावला, झालं" म्हणणाऱ्याला मायक्रॉन गेज दाखवायला सांगा. नसेल तर दुसरा बघा.